लाल ठिपके

नेर रोडवरच्या फ्लाइंग स्कूलच्या दोन्ही विमानांच्या इंजिनांचे बोल्ट सदोष निघाले. मालकानं नवे बोल्ट एकाच विमानापुरते आणले.

नागपूरहून आलेल्या तपासणीच्या साहेबांनी पहिल्या विमानाला लावलेले नवे बोल्ट पाहून त्यांवर तपासल्याची खूण म्हणून लाल रंगाचे ठिपके दिले आणि मटण खायला गेले. तेवढ्यात मालकानं मेकॅनिक नौशादकडून तेच बोल्ट काढून दुसऱ्या विमानाला लावून घेतले. नौशादनं ठिपके मात्र मुद्दाम पुसले नाहीत.

ढेकर देत आलेल्या साहेबांना दुसऱ्या विमानावर आपलेच ठिपके दिसले. त्यांनी फडकं मागितलं, ठिपके पुसले, नवे दिले आणि सही केली.

"शिकवा पोराइले उद्यापासून."

"साहेब, नागपूरले विमानानं सोडून देतो," मालक म्हणाला.



"नको रे बाबा, एसटीनं जातो. माह्या घरी लेकरं हायेत."