जिवंत बॅटरी

पाना निसटला आणि स्टेफानियाच्या बोटाचं सालपट निघालं. ती कळवळली, पण हातचं काम सोडलं नाही. नवरा ओरेस्ट कर्लिंग खेळायला गेला होता. हॉलमधल्या बर्फावर दगड सरकवून तो घरी परतायच्या आत मोटारसायकलची बॅटरी काढून तळघरात पोचायला हवी होती.

"आधी काळी तार सोडवा, वहिनी. मग लाल," फोनवरून लॉर्न सांगत होता. लॉर्न म्हणजे ओरेस्टचा जुना दोस्त, उन्हाळाभर त्याच्याबरोबर गाडीवर भटकणारा. "पण आपला ओरेस्ट कुठाय? या कामात तो देवालासुद्धा हात लावू देत नाही."

"पाठ धरलीय त्याची. आणि हे बघा, त्याच्यापाशी यातलं एक अक्षर काढू नका. त्याला कमीपणा वाटेल."

"मी कशाला बोलतोय!"

पाठबिठ काही धरली नव्हती. दर वर्षी पहिला बर्फ पडायच्या आत ओरेस्ट गाडीला झोपवायचा. तिला न्हाऊमाखू घालायचा, टाकी काठोकाठ भरायचा, बॅटरी तळघरात नेऊन चार्जरला लावायचा आणि हिरवा दिवा दिसल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. यंदा त्यानं गाडीवर नुसती ताडपत्री टाकली आणि आत येऊन टीव्ही लावला. त्यांच्या यॉर्कटन गावच्या कडाक्याच्या थंडीत उतरलेली बॅटरी गोठते, गोठली की फुटते, हे स्टेफानियाला त्यानंच शंभरदा ऐकवलं होतं.

ओरेस्टचा थोरला भाऊ असाच विसरायला लागला होता. आधी किल्ल्या, मग रस्ते, शेवटी बायकोचं नाव.

खरं म्हणजे या गाडीचा तिला मनापासून तिटकारा होता. लग्न झाल्यापासून ओरेस्ट गाडीवर बाहेर पडला की तो परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. बॅटरी मेली असती तर तिनं चर्चमध्ये देवाचे आभार मानून मेणबत्ती लावली असती. पण वसंतात ताडपत्री काढल्यावर आपण काय विसरलो ते त्याच्या लक्षात आलं असतं आणि तो पार खचला असता. ते तिला बघवलं नसतं. तिनं बॅटरी टॉवेलात गुंडाळली, छातीशी धरली आणि आंबवलेल्या कोबीच्या बरण्यांमागे नेऊन ठेवली.

सबंध हिवाळा तिनं त्या बॅटरीची उस्तवार केली. टोकं पुसून व्हॅसलिन लावलं. दिवा हिरवा आहे ना ते जाता-येता पाहिलं. कोबी आणायला ओरेस्ट उठला की ती म्हणायची, "बस तू, मी आणते." बॅटरीबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही, आणि तेच तिच्या जिवाला लागायचं. बाकी त्याला सगळं आठवत होतं. कुणाचा दगड कुठे चुकला, शेजारणीच्या नातवाचा वाढदिवस, तिनं एका नाताळाला करपवलेला केक. "हा रोग असाच एका कोपऱ्यातून शिरतो," ती स्वतःला सांगायची.

बर्फ वितळला. हिवाळ्यात गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यावर टाकलेली वाळू झाडून झाली. पहिल्या फेरीसाठी लॉर्न आणि मंडळी दारात येऊन उभी राहिली. स्टेफानियानं बॅटरी आधीच गुपचूप गाडीत बसवून ठेवली होती.

ओरेस्टनं ताडपत्री ओढली, गाडीवर बसला आणि मान हलवली. "मंडळी, एक घोळ झालाय. बॅटरी हिवाळाभर गाडीतच राहिली. मेली असणार. तुम्ही निघा, यंदा माझं राहू दे."

"अरे, दाबून तर बघ!" लॉर्न मिशीत हसला.

ओरेस्टनं उपकार केल्यासारखं बटण दाबलं. इंजिन एका दमात गरजलं. मंडळींनी टाळ्या पिटल्या. ओरेस्टचा चेहरा राखेसारखा झाला.

लॉर्नला आता राहवेना. "वहिनींचे पाय धर, लेका! सबंध हिवाळा तान्ह्या पोरासारखी सांभाळलीय त्यांनी बॅटरी!"

ओरेस्टनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. इंजिनाच्या घरघरीत दुसऱ्या कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

"तू केलंस हे?"

"तू विसरला होतास," तिचे डोळे भरून आले. "म्हटलं, तुला कळायला नको."

"विसरलो नव्हतो गं. मुद्दाम ठेवली होती." तो हँडलकडे बघत बोलत होता. "गेल्या उन्हाळ्यात वळणावर समोरून आलेला ट्रक मला दिसलाच नाही. पार अंगावर येईपर्यंत. तेव्हापासून गाडीवर बसलं की पाय लटपटतात. या लोकांना कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, बॅटरी मेली की सुटलो."

स्टेफानिया हसली. हसता हसता रडली. त्याचं डोकं शाबूत होतं, अगदी ठणठणीत! मग तिनं डोळे पुसून वर पाहिलं. गाडी सुरू होती आणि मंडळी हेल्मेटं चढवून त्याची वाट पाहत होती.

तिनं हात लांब करून किल्ली फिरवली.

"कुठेही जायचं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ही गाडी आजपासून बंद. माझा जीव घाबरतो."

लॉर्ननं हेल्मेट पुन्हा काढलं. "हे काय, वहिनी? इतकी वर्षं तर कधी अडवलं नाहीत!"

"इतकी वर्षं कुणी विचारलं नाही."

सगळ्यांनी ओरेस्टकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"बायकोपुढे कुणाचं चाललंय का, बाबांनो?" ओरेस्टनं भलाथोरला उसासा टाकला आणि एका उडीत गाडीवरून खाली उतरला.