नाडी लागत नाही

उन्हात चक्कर येऊन पडलेल्या हणमंतरावांना जमिनीवर निजवून तोंडात तुळशीपत्र ठेवलं होतं. बायको वनिताबाई बाजारातून आल्या, तेव्हा धाकटा दीर किसन अंघोळ घालण्यासाठी भावाच्या कमरेचा बॅटरीचा पट्टा सोडत होता.

"भावजी, पट्ट्याला हात लावाल तर बघा!" पिशवी फेकून त्या ओरडल्या.

"वहिनी, दादा गेले. डॉक्टरांनी नाडी बघितली."

"नाडी?" वनिताबाई बाजूला उभ्या असलेल्या गावच्या डॉक्टरवर उसळल्या. "छातीत हा बॅटरीवरचा पंप बसवल्यापासून यांना नाडी नाहीच! तो ठोके देत नाही, रक्त नुसतं वाहतं ठेवतो. नव्या पंपाच्या चाचणीला आमची माणसं चालतात, आणि त्या माणसांना तपासायचं कसं हे शिकायला तुम्हाला सवड नाही?"

लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी न घेतलेल्या वनिताबाई त्याच्या कानाशी वाकल्या.

"हणमंत!"

पापण्या हलल्या. तुळशीपत्र थुंकून हणमंतराव पुटपुटले, "पाणी."

डॉक्टरनं घाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "पण मावशी, नाडीच नसेल तर माणूस जिवंत आहे हे ओळखायचं कसं?"

"सगळ्यांनी मनगटाला विचारलंत," वनिताबाई म्हणाल्या. "माणसाला एकानं तरी हाक मारलीत का?"