बंद स्टार्टर

कल्याणनं पुन्हा किल्ली फिरवली. बॉनेटखाली नुसतं ‘टक्’ झालं. इंजिन फिरलंच नाही.

“बॅटरी उतरली का काय?” मागच्या सीटवरून अण्णासाहेबांनी विचारलं.

कल्याणनं हॉर्न दाबला. तो खणखणीत वाजला. दिवेही लख्ख लागले. बॅटरी ठीक होती. अंकुशनगरच्या पुढं, अंबडच्या रस्त्याला, चहासाठी थांबवलेली जुनी जीप आता हलायला तयार नव्हती. बाजूनं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं चालल्या होत्या.

अण्णासाहेबांच्या शेजारी त्यांची लेक अक्षता बसली होती. तो आवाज ऐकताच तिनं ओळखलं, स्टार्टर गेला. आयटीआय करून ती जालन्याच्या एका गॅरेजात कामाला होती. असल्या गाड्या रोज तिच्या हाताखालून जायच्या. पण तिनं बाहेरच्या ट्रॉल्यांकडं तोंड फिरवलं.

बदनापूरला पाहुणे येऊन बसले होते. आज तिचा साखरपुडा होता. मुलगा तिनं फक्त फोटोत पाहिलेला. आणि आजच जालन्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात सुमित तिची वाट पाहणार होता. सुमित शाळेत शिक्षक, बौद्ध घरातला. दोघांनी गुपचूप नोटीस देऊन ठेवली होती. परवा ते कल्याणच्या कानावर गेलं. त्यानं बहिणीचा फोन काढून घेतला आणि घर डोक्यावर घेतलं. अण्णासाहेब एवढंच म्हणाले होते, “तयारी करा.” तेव्हापासून बापलेकीत शब्द नव्हता.

“तुला कळतं ना गाड्यातलं?” कल्याण खेकसला. “बघ की मंग!”

“मला न्हाई जमणार. मिस्त्रीच लागंल.”

“धक्का तरी मार.”

तिनं मागून हात टेकवले. जोर लावला नाही. चढावरची जीप जागची हलली नाही.

कल्याणचा फोन सारखा वाजत होता. “आलोच पाव्हणं, बस पोचूनच राह्यलो,” असं तो दर खेपेला सांगत होता. शेवटी त्यानं एक मोटारसायकल थांबवली.

“शहागडहून मिस्त्री घिऊन येतो. अण्णा, किल्ली तुमच्याजवळ ठिवा. आन हिच्यावर ध्यान असू द्या.”

तो गेला. अण्णासाहेबांनी डोळे मिटून मान मागं टेकवली.

अक्षता खाली उतरली. चहाच्या टपरीपर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. ऊन डोक्यावर येत होतं. तिनं जीपकडं पाहिलं. बापाचा डोळा लागल्यासारखा वाटत होता.

तेवढ्यात जालन्याची एसटी आली आणि टपरीसमोर थांबली. दोन बाया उतरल्या. अक्षताचे पाय आपोआप तिकडं वळले. तिनं दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला.

“अक्षे...”

तिनं मागं पाहिलं. अण्णासाहेब जीपच्या दारातून अर्धे बाहेर वाकले होते. एक हात छातीवर होता.

“चढा वो ताई, जल्दी,” कंडक्टर म्हणाला.

तिनं पाय खाली घेतला. कंडक्टरनं घंटी मारली. एसटी निघून गेली.

“अण्णा, काय होतंय?”

“छातीत कसंतरी करून राह्यलंय. दम लागतोय.”

टपरीवाल्या चतुराबाई पाणी घेऊन धावत आल्या. अक्षतानं बापाच्या खिशातला फोन काढून अॅम्ब्युलन्सला लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, वेळ लागणार होता.

“किल्ली द्या,” ती म्हणाली.

तिनं गिअर न्यूट्रलला आणला, हातानं हलवून खात्री केली. हँडब्रेक ओढला. दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले. किल्ली ‘ऑन’ केली. मग साखरपुड्यासाठी घातलेल्या पाटल्या नि अंगठी उतरवली, ओढणी काढून सीटवर टाकली, वेणी कुर्त्यात खोचली. सीटखालच्या हत्यारांतून प्लास्टिकच्या मुठीचा पेचकस, स्क्रू-ड्रायव्हर, घेतला आणि बॉनेट उघडलं.

“मावशी, लांब व्हा. फॅनजवळ कुणी थांबू नका.”

स्टार्टरवर बॅटरीची जाड तार होती आणि शेजारी बारीक तारेचं टोक. पेचकसाचं पातं गाडीच्या पत्र्याला लागू न देता तिनं ती दोन टोकं क्षणभर जोडली. चर्रकन ठिणगी उडाली. इंजिन फिरलं, खोकलं, धडधडायला लागलं. तिनं पेचकस झटक्यात मागं घेतला.

“भाऊ आला की सांगा, अण्णाला दवाखान्यात नेलंय.”

चतुराबाईंनी दगड काढले. जीप निघाली.

अक्षतानं गिअर बदलला. सुमित कार्यालयाच्या दारात उभा असेल. त्याला वाटेल, घाबरली, आली नाही. ती रडत नव्हती. आरशात पाहत होती, मागं बापाचा श्वास चाललाय का ते. अंबड आलं.

“हितं दाखवू, अण्णा?”

“नगं. जालन्यालाच घे. मोठ्या दवाखान्यात.”

“लई दूर पडंल.”

“घे म्हणलं ना.”

तिनं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. कुठंही इंजिन बंद होऊ द्यायचं नव्हतं. एका ट्रॉलीला ओव्हरटेक करताना समोरून ट्रक आला. तिनं जीप कशीबशी डाव्या बाजूला घेतली. मागून अण्णासाहेबांचा आवाज आला, “दमानं, माय.” परवापासून ते पहिल्यांदाच तिला माय म्हणाले होते. बापाला काही झालं तर आपल्यामुळंच झालं, असं तिनं मनात पक्कं धरलं. त्यांना बरं वाटलं की बदनापूरला जाऊ, म्हणतील तिथं बसू. सुमितला नंतर कधीतरी सांगता येईल.

जालन्यात शिरताच चौकात तिनं उजवीकडचा इंडिकेटर दिला.

“डावीकडं घे,” अण्णासाहेब म्हणाले.

“दवाखाना उजवीकडंय, अण्णा.”

मागं सीट करकरली. आरशात तिला दिसलं, ते छातीवरचा हात काढून ताठ उठून बसले होते आणि डोक्यावरची टोपी नीट करत होते.

“सुमितला सकाळीच फोन केल्ता म्या,” ते म्हणाले. “म्हणलं, आमची पोरगी काही पळून येणार न्हाई. तिला तिचा बाप घिऊन येईल.”