फळीवरची ट्यूब

खालची आग सहन होईना, खुर्चीवर टेकवेना, तेव्हा नवऱ्याने मला त्याच्या मित्राकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. त्याने न तपासताच निदान केलं. "सगळे मनाचे खेळ, वहिनी. जरा मन रमवा." नवऱ्याने मान डोलावली.

शेवटी एकटीच एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नीट तपासून योनीच्या तोंडाशी लावायला स्त्री-हार्मोनचं मलम दिलं. घरी ट्यूब दाखवायला गेले तर साहेबांनी तोंड फिरवलं. "बायकांच्या भानगडी मला सांगत जाऊ नकोस."

नाही सांगितल्या. ट्यूब बाथरूमच्या फळीवर ठेवली. मला हळूहळू आराम पडला, ट्यूब मात्र भराभर संपायला लागली.

आज सकाळी स्वारी अर्ध्या गालावर फेस घेऊन बाहेर आली, हातात ट्यूब. तिच्यावर काय लिहिलंय ते आज पहिल्यांदा वाचलं होतं. रोज दाढी झाली की तेच गालाला चोपडत होता.

तासाभरात आम्ही मित्राच्या दवाखान्यात. "आवाज बारीक झालाय रे. छाती भरून आल्यासारखी वाटते."

मित्राने पुढून तपासलं, मागून तपासलं. काही सापडलं नाही, तरी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

"मनाचे खेळ असतील," मी म्हटलं आणि मला हसू फुटलं.

डॉक्टरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हसू नका, वहिनी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."