फोडणीचा ठसका

अमेरिकेत, प्लेनोतल्या गॅरेज सेलमधून बाळकाकांनी आणलेल्या जुनाट रेडिओची वायर कापलेली होती, तरी रोज सकाळी अकराला तो आपोआप सुरू व्हायचा. त्यात एका जुन्या विनोदी कार्यक्रमातले अमेरिकन नवरा-बायको लाडिक भांडायचे आणि स्टुडिओतले प्रेक्षक खो खो हसायचे. उत्तराकाकूंना ते जाम आवडायचं.

आज त्यांनी लाल मिरच्यांची फोडणी घातली. स्मोक अलार्म गप्पच राहिला; ठसका लागला तो रेडिओतल्या नवऱ्याला.

"शेजारी काहीतरी झकास शिजतंय," त्याची बायको इंग्रजीत म्हणाली. "चल, आज तिकडेच जेवू."

काकूंनी लगबगीने दोन ताटं जास्त मांडली.

"अगं, त्यांना जाऊन सत्तर वर्षं झाली असतील!" काका कुजबुजले.

"म्हणून काय उपाशी ठेवायचं?"

दाराची बेल वाजली, आणि रेडिओतल्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.