उणे वीस मिनिटं

नीलम शनिवारी संध्याकाळी तेल्हाऱ्याला बाबांकडे यायची आणि रविवारी तिची अमरावतीची शेवटची एसटी हमखास चुकायची. घरात ती ज्यावर वेळ बघायची, ते बाबांच्या कॉम्प्युटरवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे असायचं.

"बाबा, तुमी साऱ्या दुनियेले कॉम्प्युटर शिकवलं, अन् तुमचंच घड्याळ काहून असं?"

"थकून राहिलं ते माझ्यासारखं. राह्य आता, सकाळच्या गाडीनं जाजो."

शेवटच्या भेटीत मात्र घड्याळातली वेळ तिच्या मोबाइलशी तंतोतंत जुळली. "सुधरलं बाप्पा एकदाचं!" असं म्हणत ती हसत वेळेवर निघाली.

बाबा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर तिने तो कॉम्प्युटर उघडला. घड्याळ सुरू करताना बाबांनी टाइप केलेली प्रत्येक कमांड तारखेसह त्यात साठलेली होती. तिच्या परतीच्या प्रत्येक रविवारी एकच कमांड होती: घड्याळ वीस मिनिटं मागे. फक्त शेवटच्या रविवारची वेगळी होती: चोवीस तास मागे.




ती एसटीसाठी उठली तेव्हा बाबांच्या घड्याळात शनिवार होता, आणि नीलम नुकतीच घरी आली होती.