किल्ल्यावरचा ओरखडा

"सुलभाताई, ही रेघ छपाईची नाही," दादाराव म्हणाले आणि भिंग टेबलावर ठेवून त्यांनी चहाचा कप उचलला.

सुलभाताईंना वाटलं, भल्या माणसाचे डोळे थकले आता. दादाराव रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सगळा जन्म लोखंड-पोलादात गेलेला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आलमबागहून भर दुपारी ताईंच्या महानगर वस्तीत आले होते ते मंडळातर्फे ताईंची नोंद तपासायला. टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या या मंडळाचं प्रदर्शन परवावर आलं होतं. तपासायचं काय होतं त्यात! सही ठोकायची आणि चहा प्यायचा.

अल्बमच्या त्या पानावर एकच तिकीट होतं. चेकोस्लोव्हाकियाचं, जुनं, कोरीव छपाईचं, निळं. किल्ल्याचं चित्र, आणि वरच्या आभाळात डाव्या कडेकडून आत घुसलेली केसाएवढी निळी रेघ. खाली ताईंनी लिहिलं होतं, 'प्लेटवरचा ओरखडा'. चाळीस वर्षं त्या या ओरखड्याचं जुळं शोधत होत्या. त्यापायी हेच तिकीट दोनशे सोळा वेळा घरात आलं. घरातले चिडवायचे, सगळ्या जगाचे किल्ले पडले, ताईंचा एक काही सर होत नाही.

"छपाईची प्लेट खरचटली तर तो ओरखडा तिच्या प्रत्येक तावावर येणार," दादाराव म्हणाले. "धूळ, केस, कागदाची सुरकुती हे एखाद्याच तावावर होतं. पण तिथे शाई लागत नाही, पांढरं राहतं. तुमची रेघ तर निळी आहे. आणि दोनशे सोळांत दुसरी नाही."

"म्हणजे अजून सापडली नाही."

"अच्छा, इकडे या." त्यांनी खिडकीचा पडदा ओढला आणि मोबाइलचा टॉर्च तिकिटाच्या कडेला आडवा धरला. "कोरीव छपाईत शाई कागदावर उभी राहते. हा किल्ला पाहा, रेघांची सावली पडते. आता ही पाहा."

ताईंनी भिंग लावलं. किल्ल्याची रेघ न् रेघ उठून आली होती. ती एक मात्र खाली रुतली होती.

"दाबून ओढली आहे. बॉलपेनने. एकदम पक्की स्याही, म्हणून तिकीट भिजवून सोडवलं तरी गेली नाही."

ताई खुर्चीत बसल्या. नवा दोष शोधला की त्याला नाव द्यायचं, ही मंडळाची रीत. फॉर्मवर त्यांनी कधीच भरून ठेवलं होतं, 'देवदत्त ओरखडा'. देवदत्त म्हणजे त्यांचा अण्णा, मोठा भाऊ. यंत्रांच्या ट्रेनिंगला चेकोस्लोव्हाकियाला गेला आणि तिसऱ्या हिवाळ्यात तिकडेच अपघातात गेला. त्याची पत्रं बदल्यांच्या धबडग्यात वाळवीने खाल्ली. तेरा वर्षांच्या सुलूने पाकिटांवरून कापून घेतलेली तिकिटं तेवढी उरली. त्याच्या हातचं एक अक्षर घरात नव्हतं. निदान त्याचं नाव कुठेतरी छापून यावं, एवढी एकच हौस ताईंनी धरली होती.

"सॉरी हं, ताई," दादाराव ओशाळून म्हणाले. "पण बघा ना, रेघ कडेपासून आत आली आहे. म्हणजे पाकिटावरूनच आली. शेजारी काही लिहिलेलं असायचं का?"

ताईंनी भिंग पुन्हा तिकिटाच्या डाव्या कडेवर नेलं.

"पत्र बाबांच्या नावाने यायचं, पत्ता इंग्रजीत," मग त्या म्हणाल्या. "पण तिकिटाला खेटून अण्णा मराठीत लिहायचा, 'तिकीट सुलूचं'. भावंडांत मारामाऱ्या नकोत म्हणून. आधी सगळी अक्षरं काढायचा आणि वरची रेघ शेवटी, एका झटक्यात. एखाद्या वेळी थांबायचं राहूनच जायचं."

"मग ते शब्द?"

"मीच कापून टाकले. प्रत्येक पाकिटावरचे. तिकीट नीट चौकोनी कापायचं असतं ना." ती कात्री आता तेरा वर्षांच्या सुलूच्या हातून कशी काढून घेणार होत्या त्या?

दादारावांनी फॉर्म पुढे ओढला. "मग ही नोंद रद्द करू?"

"करा. आणि टॉर्च जरा तसाच धरा."

ताईंनी अल्बम जवळ घेतला. तिकिटाच्या डावीकडच्या कोऱ्या कागदावर बोट टेकवून त्यांनी एकेक अक्षर सावकाश गिरवलं. मग पुन्हा पहिल्या अक्षरावर आल्या आणि वरची रेघ एका दमात ओढली. कोऱ्या कागदावरून ती तिकिटात शिरली आणि तिथे दिसू लागली.